गव्हाणीत मोळी पडण्याआधी : फोर व्हील ट्रॅक्टरची घरघर कशी ओळखावी

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरसाठी फार धावपळीचे. सोयाबीन निघालेले असते, हरभऱ्यासाठी रान मोकळे करायचे असते, कांद्याची लागण तोंडावर आलेली असते. तेवढ्यात प्रवरानगर, संगमनेर, सोनई, भेंडे, कोपरगाव इथल्या साखर कारखान्यांच्या गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत ट्रॅक्टरला श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हणून पाऊस उघडल्यावर आणि मोळी पडायच्या आधी जे आठ-पंधरा दिवस हाताशी असतात, तेव्हाच ट्रॅक्टरच्या पोटातून येणाऱ्या आवाजाचा माग काढून घ्यावा. फेब्रुवारीत, फडात तोडणी टोळी बसलेली असताना पुढचा ॲक्सल उघडावा लागला तर खर्च फक्त बेअरिंगचा राहत नाही.

नगर शहरात लष्कराच्या गाड्या पाहतच लोक मोठे झाले. शेजारच्या वाहननगरात व्हीआरडीई ही वाहन संशोधनाची संस्थाही आहे. त्यामुळे चारही चाकांना ताकद देणारी गाडी आपल्याकडे नवलाची नव्हती. शेतात मात्र हे तंत्र अलीकडे वाढले. राहुरी, नेवासा, श्रीरामपूरच्या भारी काळ्या रानात पल्टी नांगर ओढायला आणि डाळिंब-द्राक्षाच्या ओळींत छोटे ट्रॅक्टर चालवायला लोक फोर व्हील घेऊ लागले. देखभालीची सवय मात्र टू व्हील ट्रॅक्टरचीच राहिली, आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. मागच्या हाऊसिंगमधले ऑइल बघणारे पुष्कळ असतात. पुढच्या ॲक्सलला वेगळे ऑइल असते आणि दोन्ही हबना आणखी वेगळे असू शकते, हे ट्रॅक्टर घेऊन तीन वर्षे झाली तरी कित्येकांना ठाऊक नसते.

आवाजाचे वर्णन करण्यात आपण सगळे हुशार असतो. घरघर, करकर, टकटक, कुईकुई, खडखड. पण आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी सुरू होतो आणि काय केल्यावर बंद पडतो, याची माहिती जास्त कामाची. ‘पुढून घरघर येते’ एवढ्यावर मिस्त्रीने हाऊसिंग उघडायला घेतले तर त्याला थांबवा. अर्धा तास स्वतः द्या, कागद-पेन घ्या आणि एकेक गोष्ट बंद करत जा.

सुरुवात उभ्या ट्रॅक्टरवर करा. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, फोर व्हील बंद, इंजिन चालू. याच अवस्थेत आवाज असेल तर चाकांशी त्याचा संबंध नाही. आता क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगकडे संशय जातो. उलट दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंगकडे. मग अवजार वर उचलून बघा. उचलतानाच रडल्यासारखा आवाज येत असेल तर तो हायड्रॉलिक पंपाचा असतो. बऱ्याचदा ऑइल कमी झालेले किंवा फिल्टर तुंबलेला, एवढेच निघते. हा आवाज गिअरचा समजून गिअरबॉक्स खोलण्याचा उद्योग अनेक ठिकाणी झाला आहे. रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो सोडून ठेवा आणि मगच पुढे जा. पीटीओ शाफ्टचा क्रॉस कोरडा पडला की त्याची करकर थेट ट्रॅक्टरच्या अंगातून आल्यासारखी ऐकू येते.

मग सपाट, मोकळ्या रानात ट्रॉली न जोडता टू व्हीलमध्ये चालवा. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरची जोडी बघावी लागेल. सगळ्या गिअरमध्ये येत असेल आणि ट्रॅक्टरच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर बिघाड गिअरबॉक्सनंतरच्या भागांत, म्हणजे मागचे डिफरन्शियल, फायनल ड्राइव्ह किंवा चाकाचे बेअरिंग यांत आहे. ताकद देताना एक सूर आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा सूर लागत असेल, तर क्राऊन-पिनियनची बैठक बिघडली आहे. हे काम घरी करायचे नाही. पिनियनची पत्री किती जाडीची घालायची, हे मोजमाप असलेल्या माणसानेच ठरवावे.

आता नांगरलेल्या भुसभुशीत रानात फोर व्हील टाका. सरळ चालवा, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. वळतानाच टकटक होत असेल तर ज्या बाजूने ती ऐकू येते त्या बाजूच्या पुढच्या जॉइंटची झीज झाली आहे. काही कंपन्यांच्या ॲक्सलमध्ये जॉइंटऐवजी बेव्हल गिअर असतात. त्यांचा आवाज टकटकीपेक्षा जड, दळल्यासारखा येतो. फोर व्हील टाकताना करकर होत असेल तर आधी ड्रायव्हरला विचारा, तो चालत्या ट्रॅक्टरवर दांडी ओढतो का. ट्रॅक्टर थांबवून, क्लच दाबून टाकल्यावर आवाज येत नसेल तर दोष सवयीचा आहे. तरीही आवाज आला, किंवा नांगर रुतल्यावर दांडी आपोआप सुटू लागली, तर जोडणीचे दाते गोल झाले असतात, नाही तर दांडीचे लिंकेज ढिले असते. लिंकेज आधी बघा, ते फुकटात नीट होते.

इथे एक घोळ होतो. फोर व्हील बंद केले की पुढचा ॲक्सल झोपला, असे आपण धरून चालतो. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये तसे नसते. पुढची चाके जमिनीवर फिरतात, ती आतले गिअर आणि पोटाखालचा प्रोपेलर शाफ्ट फिरवत राहतात. फक्त त्यांच्यावर भार नसतो. म्हणून फोर व्हील बंद असतानाही येणारा आवाज मागचाच असेल असे नाही. बेअरिंग खराब असेल तर भाराशिवायही घरघरते. गिअरचा दोष असेल तर भार पडल्यावरच आवाज वाढतो. खात्री करायची असेल तर कडक जमिनीवर मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या, इंजिन बंद ठेवा आणि चाक हाताने फिरवून ऐका. चाक वर-खाली धरून हलवले आणि ते खेळत असेल तर हबचे बेअरिंग किंवा किंगपिन झिजली आहे. इंजिन चालू ठेवून, एकच ॲक्सल उचललेला असताना फोर व्हील कधीही टाकू नका. जमिनीवर टेकलेली चाके ट्रॅक्टर पुढे ढकलतात आणि तो ठोकळ्यांवरून उडी मारतो. उपरणे, सैल सदरा, गळ्यातला गोफ घालून फिरत्या शाफ्टजवळ वाकणेही तितकेच जिवावरचे.

खोलण्याच्या आधी स्वस्तातली कारणे संपवा. प्रोपेलर शाफ्टवरचे पत्र्याचे कव्हर बांधाला घासून आत दबते आणि शाफ्टला लागून भीतीदायक आवाज करते. हातोडीचे चार ठोके पुरतात. फडात पडलेली तार, सुतळी, पाचट हबभोवती गुंडाळले जाते आणि हळूहळू ऑइल सील कापते. शाफ्टच्या क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या, असे समजा. ग्रीस मारताना चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत मारावे. एकाच टोपीतून येत असेल तर बाकीच्या तुंबल्या आहेत. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनेला ग्रीस मिळत नसेल तर खाचखळग्यांतून जाताना ‘कर्र’ असा आवाज येतो आणि लोक जॉइंटचा संशय घेतात.

पावसाळ्यानंतरचा खरा शत्रू पाणी. अकोले तालुक्यात भाताच्या खाचरात चिखलणी करताना हब चिखलात बुडतात. मुळा-प्रवरेच्या लाभक्षेत्रात चाऱ्या, ओढे ओलांडणे रोजचेच. ॲक्सलला वरच्या बाजूला एक छोटा ब्रीदर असतो, त्यातून आतली हवा खेळते. तो चिखलाने बुजला की दोन्हीकडून नुकसान होते. काम करून तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. पुढे ट्रॅक्टर तापला की तीच हवा फुगून सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. जोरदार पंपाने धुताना फवारा थेट सीलवर धरणारे धुलाई केंद्रही यात हातभार लावते.

म्हणून हंगामाआधी पुढच्या ॲक्सलचा आणि दोन्ही हबचा ड्रेन प्लग काढून थोडे ऑइल पांढऱ्या वाटीत घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे घेतले तर बरे, कारण पाणी तळाला बसलेले असते. ऑइल दुधी, चहासारखे दिसले तर पाणी गेले आहे. मग पुस्तिकेतले तास मोजत बसू नका. ते सगळे काढा, नवे भरा, थोडा वेळ विनाभार चालवा, तेही काढा आणि पुन्हा भरा. एका भरणीचे पैसे वाया जातात खरे, पण बेअरिंगवर गंज चढू देण्यापेक्षा ते स्वस्त. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा काळपट गाळ नेहमीचा आहे. नखाला टोचतील असे तुकडे, पापुद्रे मिळाले तर ट्रॅक्टर चालवूच नका. तो तुकडा दुसऱ्या गिअरच्या दातात जायला वेळ लागत नाही. ऑइल कोणते, हे दुकानदाराला न विचारता पुस्तिकेत बघावे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये मागच्या हाऊसिंगमधले ब्रेक तिथल्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. तिथे चुकीचे ऑइल पडले तर ब्रेक दाबताना गुरगुर येते आणि बिचाऱ्या गिअरवर आळ येतो.

पाण्याच्या खालोखाल दोष टायरचा. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावावीत, साधारण एक ते पाच टक्के, अशी ट्रॅक्टरची रचना असते. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असले की हा फरक वाढतो, उलट असेल तर घटतो किंवा नाहीसाच होतो. ट्रॉली ओढायला बरे म्हणून १३.६-२८ च्या जागी १४.९-२८ टायर मागे चढवतात आणि पुढचे तेच ठेवतात, तेव्हाही हेच घडते. मग पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडत राहतात. तपासणे सोपे आहे. चारही टायरची हवा बरोबर करा, चाकांवर खडूने खूण करा. फोर व्हील बंद ठेवून मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत पुढच्याचे किती होतात ते मोजा, मग मऊ रानात फोर व्हील टाकून पुन्हा मोजा. समजा आधी १४ आणि नंतर १४.४ आले, तर फरक सुमारे २.९ टक्के; चांगला. फरक शून्य किंवा सात-आठ टक्के आला तर आवाजाचे मूळ टायरच्या दुकानात आहे.

याच कारणाने डांबरीवर फोर व्हील टाकून जाऊ नये. मऊ मातीत टायर घसरून हिशेब जुळवून घेतात, डांबरीवर त्यांना तशी सवड नसते. मग पीळ शाफ्टमध्ये साठतो, गिअर ओरडतात, पुढचे टायर भराभर झिजतात आणि दांडी निघता निघत नाही. तशी अडकली तर हातोडी मारू नका; ट्रॅक्टर जरा मागे घ्या, मातीत उतरवा, सुटते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या फडातून बाहेर काढताना फोर व्हील हवेच, पण रस्त्याला लागताच ते बंद करा. अपवाद उताराचा. भरल्या ट्रॉलीने चंदनापुरी किंवा करंजीसारखा घाट उतरायचा असेल तर बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये फोर व्हील असल्याने पुढच्या चाकांनाही ब्रेकचा जोर मिळतो. ते घाटमाथ्यावर थांबून टाकावे, लहान गिअर ठेवावा आणि उतरून झाल्यावर काढावे. रुतलेली ट्रॉली साखळीने हिसके देऊन ओढणे मात्र कुठल्याच बाबतीत चालणार नाही. पुढच्या हबचे दात तिथेच मोडतात.

फोर व्हील असलेल्या पिकअप किंवा जीपवाल्यांनी एवढेच बघावे : ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत अडकलेला खडा किंकाळी फोडतो, आणि हब लॉक अर्धवट बसला तर करकर येते. दोन्ही पाच मिनिटांची कामे.

मिस्त्रीकडे जाताना तुमचा कागद बरोबर न्या. कोणत्या गिअरमध्ये, कोणत्या वळणाला, क्लच दाबल्यावर काय झाले, वाटीतले ऑइल कसे होते. अवजारांबद्दल शंका असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे विचारता येते. काम झाल्यावर काढलेले बेअरिंग आणि सील परत मागून घ्या. गंजाचे डाग दिसले तर पाणी कुठून शिरले ते शोधल्याशिवाय नवे बसवू देऊ नका, आणि ॲक्सल बंद करण्याआधी ब्रीदर काढून, डिझेलने धुऊन, त्यातून फुंकर आरपार जाते का ते स्वतः बघा.