तिकीट सोलू नकोस

बाबू, तिकिटं जमवायला लागलास, फार बरं वाटलं. पण बाजारातली परदेशी तिकिटांची पाकिटं घेण्याआधी आपली दिघोरी धुंडाळ. जुन्या मालगुजारांच्या घरी माळ्यावरच्या पेटीत, तारेला ओवलेल्या कागदांत पोस्टकार्डं अजून निघतात. घरच्या वडीलधाऱ्यांना विचार, त्यांच्यासमोरच बघ. मजकूर घरचा आहे, तो वाचायचा नाही. पत्ता, तिकीट आणि शिक्का एवढंच आपलं काम.

आणि लिफाफ्यावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेव. सुटं अर्ध्या आण्याचं तिकीट कुठंही मिळतं. शिक्क्यासकट, पत्त्यासकट असलं तर ते आपल्या मुलखाचा कागद होतं. आपला भंडारा जिल्हा आधी सी.पी.त, म्हणजे मध्य प्रांतात होता, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. लोक मात्र सवयीनं जुनंच नाव लिहीत राहतात, म्हणून पत्त्यावरून साल ठरवू नकोस. साल शिक्क्यावरून ठरतं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाले. म्हणजे मधल्या पाच महिन्यांतलं भंडाऱ्याचं पत्र सापडलं, तर राज्य मुंबई आणि तिकीट आण्यांचं. असं एक पत्र मला चकचकीत शंभर तिकिटांपेक्षा मोलाचं वाटतं.

दिघोरी नागपुरातही आहे, हे विसरू नकोस. नुसतं गावाचं नाव पाहून हुरळायचं नाही. तहसील बघ. आपला लाखांदूर तालुका नंतरचा. जुन्या कागदावर साकोली असेल.

पंचम जॉर्जची तिकिटं वरून सारखीच दिसतात. ती काळ्या पाटीवर पालथी ठेव आणि तिरप्या उजेडात बघ. एका तिकिटामागे जलचिन्हाचा एकच तारा दिसला तर छपाई लंडनची; ताऱ्यांच्या ओळी दिसल्या तर १९२६ पासूनची, आपल्या नाशिकची. हात लावायचा तो चिमट्यानंच.

बाजारातल्या परदेशी पाकिटांतल्या लायबेरियाचं म्हणशील तर त्या देशाची तिकिटं देखणी. १८९२ च्या मालिकेत पाणघोडाही आहे. पण शिक्का कोपऱ्यात नेटका आणि मागे गोंद जसाच्या तसा, असं दिसलं की समज, ते तिकीट पत्रावर कधी चिकटलंच नाही. विक्रीसाठीच शिक्का मारलेला. अशी तिकिटं हौसेनं ठेव, मोठी किंमत देऊ नकोस. १८६० चं पहिलं तिकीट, त्यावर बसलेली स्त्री आणि मागे जहाज, कुणी महाग विकायला आणलं तर जाणकाराच्या दाखल्याशिवाय घ्यायचं नाही. त्याची नंतर पुन्हा छपाई झाली आणि नकलाही निघाल्या.

रोवणीच्या दिवसांत हवा ओली असते, गोंद धरतो. तेव्हा अल्बम उभा ठेव, दाबून ठेवू नकोस. फाटलेल्या लिफाफ्याला सेलोटेप तर कधीच लावू नकोस. त्याचा पिवळा डाग निघत नाही. पत्र कोणत्या घरून, कधी मिळालं, ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिही. ती चिठ्ठी नसेल तर पुढच्या माणसाला काहीच कळणार नाही.

दिवाळीला घरं साफ होतात आणि हे गठ्ठे चुलीत जातात. त्याआधीच गावात घरोघरी सांगून ठेव: जुनं कार्ड जाळण्याआधी एकदा मला दाखवा.