शिक्षण संशोधनातली नोकरी: पहिली पायरी मुलाच्या शेजारी

गावातलं एक घर. ओसरीवर बसलेल्या पाचवीतल्या मुलीच्या हातात एक कागद आहे. त्यावर काही अक्षरं, काही सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. शेजारी बसलेला कॉलेजचा विद्यार्थी तिला वाचायला सांगतो आणि ती कुठपर्यंत वाचते ते टिपून घेतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारं ‘असर’ सर्वेक्षण असं घरोघरी जाऊन केलं जातं. २०२२ मध्ये ते ६१६ जिल्ह्यांतल्या सुमारे सात लाख मुलांपर्यंत पोहोचलं. ग्रामीण भारतात पाचवीतल्या शंभरातल्या ४३ मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. २०१८ मध्ये हाच आकडा ५० च्या आसपास होता.

मधल्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, हे आपण जाणतो. पण कोणती मुलं जास्त मागे पडली? ती नेमकी कुठे अडतात? आठवड्यातून किती तास आणि कशा प्रकारे शिकवलं तर ती पुन्हा उभी राहतात? अशा प्रश्नांची उत्तरं पुराव्यानिशी शोधणं म्हणजे शिक्षण संशोधन. ‘यात नोकरी मिळते का?’ असं पालक विचारतात. मिळते. फक्त बँकेसारखी एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी आणि मग नेमणूक, असा हा रस्ता नाही. पदवीमुळे अर्ज करता येतो. निवड ठरते ती तुम्ही मुलांजवळ बसून काय पाहिलंत आणि ते किती नेमकेपणाने मांडता येतं यावर.

काम नेमकं काय असतं?

एक उदाहरण मुंबईचंच घेऊ. महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली रोज काही वेळ वेगळं बसवून मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. ‘बालसखी’ हे त्या कार्यक्रमाचं नाव. त्याने खरंच फरक पडतो का, हे मुंबई आणि वडोदऱ्यात तपासलं गेलं. काही शाळांना बालसखी एका इयत्तेसाठी मिळाली, काहींना दुसऱ्या. मग मुलांच्या चाचण्यांची तुलना झाली. मुलांची प्रगती झाल्याचं दिसलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या लेखकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरा अभ्यास अगदी वेगळ्या धाटणीचा. मराठी आणि कन्नड मुलं वाचायला-लिहायला कशी शिकतात, हे पाहण्यासाठी शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात तीन वर्षं मुलांचा मागोवा घेतला. वर्गात बसून निरीक्षणं केली, पुस्तकं तपासली, शिक्षकांशी बोलले.

पहिल्या अभ्यासात आकडेशास्त्र लागतं. दुसऱ्यात भाषेची जाण आणि धीर. आपला कल कुठे आहे, हे विद्यार्थ्याने आधी ओळखावं. पण पायाभूत काम दोन्हीकडे सारखंच: मुलाच्या शेजारी बसणं, ऐकणं, खरं तेच लिहिणं.

नोकऱ्या कुठे आहेत?

पहिलं ठिकाण संशोधन संस्था आणि विद्यापीठं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात संशोधन होतं. इंजिनिअरिंग झालेल्यांनी याकडे जरूर पाहावं. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था हीही महत्त्वाची नावं.

दुसरं ठिकाण स्वयंसेवी आणि मूल्यमापन संस्था. ‘प्रथम’, पालघरमधल्या सोनाळे गावातून काम करणारी ‘क्वेस्ट’, प्रयोगांवर आधारित मूल्यमापन करणारी ‘जे-पाल’, चाचण्या तयार करणारी अहमदाबादची ‘एज्युकेशनल इनिशिएटिव्हज’ अशा ठिकाणी क्षेत्र-अन्वेषक, रिसर्च असिस्टंट, रिसर्च असोसिएट, मूल्यमापन अधिकारी ही पदं असतात. नव्या मुलांना पहिली संधी बहुधा इथेच मिळते.

तिसरं ठिकाण सरकारी यंत्रणा: एनसीईआरटी, पुण्यातली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या ‘डाएट’ या शिक्षक-प्रशिक्षण संस्था. इथल्या कायम जागांसाठी शैक्षणिक पात्रता काटेकोर असते. प्रकल्पांपुरती कंत्राटी भरतीही निघते.

शिक्षण कोणतं घ्यावं?

बी.एड., एम.एड. हा एकमेव मार्ग आहे, हा गैरसमज आधी दूर करू. शिक्षणशास्त्रातलं एम.ए., तसंच अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषाशास्त्र, संख्याशास्त्र यांतली पदव्युत्तर पदवी चालते. गणित किंवा विज्ञानाचा पदवीधर त्या विषयाच्या अध्यापनावर संशोधन करू शकतो. मात्र शिक्षक-प्रशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल, तर बी.एड., एम.एड. आणि नेट किंवा सेट ही पात्रता साधारणपणे लागते.

पीएच.डी. करायची असेल तर नेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून करा. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या गटांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा मर्यादित असतात, म्हणून जाहिरातींवर लक्ष ठेवा. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, एरवी चार-पाच धरून चाला. नोकरी मिळेना म्हणून पीएच.डी., असं करू नका. दोन वर्षं क्षेत्रात काम करून, स्वतःचा प्रश्न सापडल्यावर नाव नोंदवलंत तर ती पूर्णही होते आणि उपयोगीही पडते. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून चार हात लांब राहा. तसे लेख पुढच्या मुलाखतीत तुमच्या विरोधात जातात.

अर्जाआधीची तयारी

निवडीत तीन गोष्टी हमखास तपासल्या जातात. पहिली, माहिती हाताळता येते का: एक्सेल उत्तम यावं, पुढे ‘आर’ हे आकडेवारी विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिका, ते मोफत आहे. ‘स्टाटा’ येत असेल तर प्रयोगात्मक संशोधनाच्या पदांसाठी उपयोग होतो. दुसरी, लिहिता येतं का: बऱ्याच ठिकाणी लेखनाचा नमुना मागतात. तिसरी, क्षेत्रात वावरता येतं का. इथे गावाकडच्या मुलामुलींनी स्वतःला कमी लेखू नये. ज्याला घरातली बोली, शाळेतली प्रमाण मराठी आणि त्या दोहोंत अडकलेलं मूल समजतं, अशा माणसाची या कामाला गरज आहे. भिली, गोंडी, वारली, कोकणी येत असेल तर अर्जात ठळक लिहा. इंग्रजी वाचन-लेखनावर मात्र रोज मेहनत घ्या, कारण अहवाल बहुधा इंग्रजीतच लिहावे लागतात.

अनुभव कुठून आणायचा? ‘असर’साठी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन काम करतात, तुमच्या महाविद्यालयात चौकशी करा. ‘टीच फॉर इंडिया’सारख्या दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये वर्ग जवळून कळतो. आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहताही सुरुवात करता येते. आपल्या वस्तीतली दहा मुलं निवडा, त्यांच्या पालकांची परवानगी घ्या. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. जोडाक्षराशी अडतात का, ओळीच्या शेवटी थांबतात का, वाचलेलं सांगता येतं का, हे टिपा. मुलांची नावं कुठेही लिहू नका. शाळांविषयीची सरकारी ‘यू-डायस’ आणि ‘असर’ची आकडेवारी मोफत उपलब्ध आहे, आपल्या जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवा आणि तीन पानांचा अहवाल लिहा. मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा ही तीन पानं जास्त बोलतील.

पालकांसाठी

तुमची काळजी रास्त आहे. सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्या एक ते तीन वर्षांच्या प्रकल्पांवर असतात. प्रवास खूप, पगार आयटीएवढा नाही. पहिली कायम नोकरी तिशीच्या आसपास मिळेल, असं धरून घराचं नियोजन करावं लागतं. शैक्षणिक कर्जाचा मोठा बोजा घेऊन या क्षेत्रात येणं टाळा. छात्रवृत्ती मिळेल अशीच संस्था निवडा. पण इथे मिळवलेलं कौशल्य वाया जात नाही. माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण करणं, अहवाल लिहिणं हे आरोग्य, ग्रामविकास, शासकीय धोरण, शैक्षणिक प्रकाशन या सगळ्या क्षेत्रांत लागतं.

महाराष्ट्राला या कामाची जुनी परंपरा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये राहून बालशिक्षणाच्या पद्धती घडवल्या. त्यांच्या कामाची सुरुवातही मुलांचं निरीक्षण करण्यापासूनच झाली.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं नंतर चाळा. या सुट्टीत आधी त्या दहा मुलांजवळ बसा. दहावं मूल वाचून झाल्यावर अकराव्याकडे जावंसं वाटलं, तर हे क्षेत्र तुमचं आहे. आणि पालकांनो, त्या वेळी त्यांना अडवू नका.