घाटातली स्कूटर

सोनू, बोरिवलीच्या लिंक रोडवर बेस्ट आणि रिक्षा यांच्या फटीतून स्कूटर काढतेस म्हणून महाबळेश्वरही सहज जमेल, असं धरून चालू नकोस. आपल्याकडे चढ म्हणजे काय, तर फ्लायओव्हर! सलग उतरत राहायची वेळ या उपनगरात येतेच कुठे?

तरी मी म्हणेन, स्कूटरच घे. टॅक्सीवाल्यांचे पॉइंट ठरलेले, वेळही ठरलेली. स्कूटर असली की पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून भिलारला वळता येतं. 2017पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकं मांडलीत, कुठे कादंबऱ्या, कुठे इतिहास. कुणीही जाऊन वाचत बसावं, पैसे पडत नाहीत. आणि तू एकदा पुस्तक उघडलंस की अर्ध्या तासात उठणारी नाहीस, मला माहितेय.

घरची स्कूटर न्यायचं मात्र डोक्यातून काढ. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुन्या हायवेने ट्रकांच्या संगतीत जायचं. वाई येईपर्यंतच पाठीचं भजं होईल. एसटीने जा, भाड्याची वर गेल्यावर बघ.

भाड्याची घेताना आधी नंबरप्लेट बघायची. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असले, तर ती रीतसर भाड्याची गाडी. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची. दोनशे रुपये वाचतील, पण काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. ओरिजिनल लायसन्स दुकानात ठेवून घेत असतील तर सरळ पुढचं दुकान गाठ. रस्त्यात पोलिसांना काय दाखवणार? डिजिलॉकरमध्ये असू दे, दुकानाला झेरॉक्स दे. ओरखड्यांचा व्हिडिओ मालकासमोरच काढ, लाजू नकोस. आणि हेल्मेट दोन माग. मागे बसणारीलाही कायद्याने लागतं, केस विस्कटतात हे कारण चालत नाही.

आता उताराचं नीट ऐक. तापोळ्याला, म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे, पंचवीसेक किलोमीटर रस्ता वळणं घेत उतरतो. प्रतापगडाला जाताना आंबेनळी घाट लागतो. गिअरच्या बाइकला खालचा गिअर टाकला की इंजिनच तिला धरून ठेवतं. आपल्या स्कूटरला ते सुख कमीच. वेग अगदी उतरला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळायला लागते. मग आपण घाबरून ब्रेक दाबून ठेवतो, तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. म्हणून सुरुवातीपासूनच वेग कमी ठेव, ब्रेक थोडा दाब, सोड, पुन्हा दाब. जो काय दाबायचा तो वळणाच्या आधी. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नकोस. तापोळ्याला निघण्याआधी टाकी वरच भरून घे. परतीला दोघी बसून चढताना स्कूटर रडते, तेव्हा मागून येणाऱ्या गाड्यांना खुशाल पुढे जाऊ दे.

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाजवळ कधीकधी पहाटे दव गोठतं, त्यामुळे हातमोजे हवेतच. पावसाळ्यात तर जाऊच नकोस. धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. स्कूटरच्या हुकाला खाऊची पिशवी लटकवलीस तर ती माकडांची झाली असं समज.

आणि एक आपल्यातलं. गावरस्त्याला बाथरूम मिळत नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही, मग डोकं दुखतं. तसं करू नकोस. एखाद्या घरी जाऊन मावशींना विचार, सहसा कुणी नाही म्हणत नाही.

काकूला ‘टॅक्सी केलीय’ अशी थाप मारू नकोस. स्कूटरचं तिला मी सांगते, ओरडाही मीच खाते. तू फक्त अंधार पडायच्या आत खोलीवर पोच आणि माझ्याआधी तिला फोन कर.