अष्टपैलू पॉली उम्रीगर

सोलापूर शहराचे नाव निघाले, की प्रथम आठवते ती तेथील चादर. चादर विणताना विणकर मागावर उभे धागे ताणून बसवितो. त्यांस ताणा म्हणतात. मग धोटा डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे धावू लागतो आणि आडवे धागे विणले जातात. त्यांस बाणा म्हणतात. ताणा कितीही बळकट असो, बाण्यावाचून त्याचे वस्त्र होत नाही. खेळाडूच्या अंगच्या गुणांचेही असेच आहे. जोम, धडाडी, झुंजार वृत्ती हे गुण मोठे खरेच. परंतु तेवढ्यानेच खेळ पुरा होत नाही. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे ध्यानात येते, असे एक थोर क्रिकेटपटू ह्या सोलापुरातच जन्मास आले. त्यांचे नाव पहलन रतनजी उम्रीगर. क्रीडाजगत त्यांना पॉली उम्रीगर ह्या नावाने ओळखते.

झुंजार वृत्ती आणि खेळ ह्यांचा संबंध नीट कळावा, म्हणून आधी एका दूरदेशीच्या खेळाकडे पाहू. कॅनडा हा थंड हवेचा देश. तेथे बर्फावर घसरत हॉकी खेळतात. हा खेळ अतिशय वेगवान व धसमुसळा. त्यात पुष्कळदा दोन खेळाडूंची मुठींनी मारामारी जुंपते. असे झाले, की पंच त्या दोघांना पाच मिनिटे मैदानाबाहेर बसवितात. पूर्वी काही संघ एखाद्या दांडग्या खेळाडूला मुख्यतः आपल्या सोबत्यांच्या संरक्षणासाठी बाळगीत. परंतु पुढे खेळाचा वेग वाढत गेला आणि नुसत्या मुठीच्या बळावर संघात टिकणे कठीण होऊ लागले. बचावाच्या फळीत उभा राहणारा एखादा तरुण कितीही निधड्या छातीचा असो, तो जर बाहेर बसून राहिला, तर आपल्या गोलाचे रक्षण कोण करणार? म्हणून त्याला घसरण्याचे कौशल्य, चेंडूऐवजी वापरली जाणारी चकती सोबत्याकडे अचूक पोचविण्याची कला आणि प्रतिपक्षाची चाल ओळखण्याची दृष्टी ही सर्व कमवावी लागतात. आपल्या कबड्डीतही नुसत्या ताकदीने गडी धरता येत नाही. पवित्रा, वेळ आणि सोबत्यांची साथ ह्या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. हाच प्रश्न निराळ्या रूपाने तरुण उम्रीगरांपुढे उभा राहिला होता.

पॉली उम्रीगर ह्यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापूर येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील कापडाचा व्यवसाय करीत. पॉली शाळेत शिकत असतानाच हे कुटुंब मुंबईस आले. त्या काळी मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन व इतर अशा पाच संघांत पंचरंगी सामने होत. १९४४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, उम्रीगर पारशी संघाकडून त्या सामन्यांत उतरले. देह उंच, खांदे रुंद आणि मनगटे भक्कम. चेंडू टप्प्यात सापडला, की तो थेट सीमेपार जाई. विद्यार्थिदशेतच त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. १९४८ साली वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ भारतात आला. त्याच्याविरुद्ध विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून खेळताना उम्रीगरांनी नाबाद शतक ठोकले आणि त्याच डिसेंबरात मुंबई येथे त्यांनी आपला पहिला कसोटी सामना खेळला.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव व आठ धावांनी हरविले. कसोटी सामन्यांतील भारताचा हा पहिलाच विजय होय. ह्या सामन्यात उम्रीगरांनी नाबाद १३० धावा काढल्या. सव्वीस वर्षेही पुरी न झालेल्या ह्या तरुणाकडे साऱ्या देशाचे डोळे लागले. आता इंग्लंडच्या दौऱ्यात हा वीर काय पराक्रम करतो, ह्याची लोक वाट पाहू लागले.

परंतु घडले ते विपरीत. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या संघात फ्रेड ट्रूमन नावाचा एकवीस वर्षांचा द्रुतगती गोलंदाज आला. अशा गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येऊन पोचतो. तेवढ्या अवधीत चेंडू कोठे पडणार हे ताडावयाचे, पाय हलवावयाचे आणि बॅट आणावयाची! आपल्याकडील खेळपट्ट्या तेव्हा संथ असत आणि खऱ्या वेगाचे गोलंदाजही विरळा. त्यामुळे अशा माऱ्याचा सराव आपल्या खेळाडूंना नव्हता. शिवाय त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण घालण्याचीही पद्धत नव्हती. वेगाने अंगावर येणाऱ्या चेंडूपासून शरीर आपोआप दूर सरते. शरीर सरले, की बॅटही चेंडूच्या रेषेपासून दूर जाते आणि मागच्या यष्ट्या उघड्या पडतात. उम्रीगरांचे नेमके असेच झाले. चार कसोटी सामन्यांतील सात डावांत मिळून त्यांच्या धावा अवघ्या ४३! ट्रूमनने त्या मालिकेत भारताचे २९ गडी बाद केले.

आश्चर्य असे, की त्याच दौऱ्यातील इतर सामन्यांत उम्रीगरांनी धावांच्या राशी घातल्या होत्या. द्विशतकेही काढली होती. म्हणजे बळ होते, फटके होते, धडाडी होती. उणीव होती ती खऱ्या वेगापुढे पाय रोवण्याची. लोक मात्र इतका बारकावा पाहत नाहीत. उम्रीगर वेगाला भितात, असा बोलबाला झाला. कालपर्यंत ज्याच्या नावाने टाळ्या पडत होत्या, त्याच्या धैर्याविषयीच शंका निघू लागली. तरुण खेळाडूच्या मनाला ह्याहून मोठा घाव कोणता असणार?

अशा वेळी माणसापुढे दोन मार्ग असतात. एक रागाचा. त्वेषाने प्रत्येक चेंडूवर तुटून पडावे आणि आपण भीत नाही हे जगाला दाखवावे. हा मार्ग सोपा. पण त्याने उणीव भरून निघत नाही. दुसरा मार्ग शिकण्याचा. तो कष्टाचा व दीर्घ काळाचा असतो. उम्रीगर कोणत्या मार्गाने गेले, हे त्यांच्या पुढील दहा वर्षांच्या खेळावरून स्पष्ट दिसते.

१९५३ च्या आरंभी भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. तेथील पाच कसोटी सामन्यांत उम्रीगरांनी ५६० धावा केल्या. त्यांत दोन शतके होती. त्यांचे षट्कार पाहून तेथील लोक त्यांना ‘ताडाच्या शेंड्यापर्यंत चेंडू मारणारा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. आक्रमण त्यांनी सोडले नव्हते. मात्र त्याला आता बचावाची जोड मिळाली होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटी सामन्यात द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय होत. इतक्या धावा काढण्यास तासन्‌तास चित्त स्थिर ठेवावे लागते. ते काम नुसत्या मनगटाचे नव्हे.

फलंदाजीवरच ते थांबले नाहीत. ते ऑफस्पिन गोलंदाजी करीत. १९५५ साली पाकिस्तानात बहावलपूर येथे त्यांनी एका डावात ७४ धावांत सहा गडी बाद केले. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच कसोटी सामन्यात नमविले. त्या विजयाचे श्रेय मुख्यतः जसू पटेल ह्यांचे. त्यांनी सामन्यात चौदा गडी टिपले. परंतु शेवटच्या डावात दुसऱ्या बाजूने केवळ २७ धावांत चार गडी बाद करून त्यांना साथ देणारे गोलंदाज उम्रीगर होते. क्षेत्ररक्षणातही ते तत्पर असत. कसोटी सामन्यांत त्यांनी ३३ झेल घेतले. आठ सामन्यांत त्यांनी भारताचे कर्णधारपद भूषविले. पुढे १९५८-५९ च्या मोसमात संघाच्या निवडीवरून मतभेद झाला, तेव्हा त्यांनी कर्णधारपद सोडले. परंतु खेळणे सोडले नाही. पद गेले तरी साध्या खेळाडूच्या नात्याने ते देशासाठी मैदानात उतरतच राहिले. हीही एक प्रकारची झुंजच होय. मात्र ती मूठ उगारून केलेली नव्हती.

१९५९ साली ते पुन्हा इंग्लंडला गेले. तोच देश, तशाच खेळपट्ट्या आणि समोर तोच ट्रूमन. मँचेस्टर येथील कसोटी सामन्यात उम्रीगरांनी ११८ धावा काढल्या. सात वर्षांपूर्वीच्या शंकेला त्यांनी शब्दांनी उत्तर दिले नाही, बॅटीने दिले.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी मात्र १९६२ साली लागली. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात बार्बाडोस येथे एका सामन्यात भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या मस्तकावर वेगवान चेंडू आदळला. कवटीला जबर इजा झाली व प्राणांशी गाठ पडली. त्यांना रक्त देण्यासाठी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. भारताचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर ह्यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टरांचे प्राण वाचले. भारतीय संघावर मात्र भीतीचे सावट पसरणे स्वाभाविक होते.

त्या घटनेला तीन आठवडेही लोटले नव्हते. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे चौथा कसोटी सामना सुरू झाला. समोर वेस हॉलसारखा भयंकर वेगाचा गोलंदाज. उम्रीगरांचे वय छत्तीस वर्षांचे. प्रथम त्यांनी गोलंदाजी करून १०७ धावांत पाच गडी बाद केले. मग पहिल्या डावात ५६ धावा काढल्या. भारताला लगेच दुसरा डाव खेळावा लागला. त्यात उम्रीगर १७२ धावा काढून अखेरपर्यंत नाबाद राहिले. हा सामना भारताने गमावला, हे खरे. परंतु एकाच सामन्यात गोलंदाज व फलंदाज म्हणून त्यांनी केलेली ही कामगिरी पराभवाच्या राखेतही निखाऱ्यासारखी उजळ राहिली आहे. ज्याच्याविषयी वेगाला भितो असे बोलले गेले होते, तोच त्या दिवशी सर्वांचा आधार झाला होता.

ह्या दौऱ्यानंतर उम्रीगर कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. ५९ सामने, ३६३१ धावा, १२ शतके व ३५ बळी ही त्यांची कमाई. त्या वेळी कोणाही भारतीयाने इतके कसोटी सामने, इतक्या धावा वा इतकी शतके केलेली नव्हती. धावांचा व शतकांचा हा उच्चांक पुढे सुनील गावसकर ह्यांनी ओलांडला. १९६२ साली भारत सरकारने उम्रीगरांना ‘पद्मश्री’ हा किताब दिला. निवृत्तीनंतरही निवड समितीचे अध्यक्ष, संघाचे व्यवस्थापक अशा नात्यांनी त्यांनी क्रिकेटची सेवा केली. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला जो पुरस्कार देते, त्याला आज उम्रीगरांचेच नाव आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उत्तम धावत असेल, कोणी जोरदार फटका मारीत असेल, कोणी कबड्डीत गड्याला जागच्या जागी खिळवीत असेल. त्या गुणाचा अभिमान अवश्य बाळगा. तो टाकू नका. परंतु ज्या दिवशी तो एकटा गुण तुम्हांला अपुरा पडेल, त्या दिवशी रागावू नका, आणि खचूनही जाऊ नका. आपल्याला काय येत नाही, हे शांतपणे पाहा व ते शिकावयास लागा. प्रतिपक्षाशी झुंजणारे पुष्कळ असतात. आपल्या उणिवेशी झुंजणारा विरळा.

स्वाध्याय

शब्दार्थ : धोटा – मागावर आडवा धागा वाहून नेणारे साधन, निधड्या छातीचा – न भिणारा, द्रुतगती – अतिशय वेगवान, शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप, सावट – छाया.

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) नुसत्या ताण्याचे वस्त्र का होत नाही? ह्या उदाहरणातून लेखकाला काय सांगावयाचे आहे?
(आ) १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात उम्रीगरांना अपयश का आले?
(इ) अपयशानंतर माणसापुढे कोणते दोन मार्ग असतात? त्यांतील कोणता मार्ग अवघड व का?
(ई) पोर्ट ऑफ स्पेन येथील सामना भारताने गमावला, तरी उम्रीगरांची कामगिरी मोठी का ठरते?

२. ‘शब्दांनी उत्तर दिले नाही; बॅटीने दिले’ ह्या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पाय रोवणे, तुटून पडणे, धावांच्या राशी घालणे, प्राणांशी गाठ पडणे.

४. तुमच्या आवडत्या खेळातील एका खेळाडूला कोणकोणते गुण लागतात, ते दहा ओळींत लिहा.