कुत्र्याच्या धन्याचे कर्तव्य
(इयत्ता चौथी : नागरिकशास्त्र व आरोग्य यांचा संयुक्त पाठ)

प्रस्तावना : जालना शहरातील मस्तगडची वस्ती असो की जिल्ह्यातील एखादी वाडी, कुत्रा हा घराचा व शेताचा जुना राखणदार आहे. परंतु तोच मोकाट सुटला म्हणजे शाळेच्या वाटेवरील बालकास त्याचे भय वाटते. अशा वेळी जबाबदारी मुक्या प्राण्याची नसून त्याच्या धन्याची असते, हे मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

विवेचन : "तुमच्यापैकी कोणाच्या घरी कुत्रा आहे? तो दिवसा कोठे असतो?" असे विचारून प्रारंभ करावा. नंतर कायदा सोप्या शब्दांत सांगावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या कलम २९१ अन्वये, आपल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवास धोका अगर गंभीर दुखापत होऊ नये एवढी खबरदारी जो जाणूनबुजून किंवा हयगयीने घेत नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्रा चावल्यावरच गुन्हा घडतो असे नव्हे, हे येथे स्पष्ट करावे.

याची दुसरी बाजूही सांगावी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे, कुत्र्यास फार आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे, सदैव बांधलेल्या कुत्र्यास मुळीच न फिरविणे आणि उपाशी मरेल अशा स्थितीत त्यास विनाकारण सोडून देणे, हेही गुन्हे आहेत. म्हणून घरी पुरेसा लांब दोर, बाहेर नेताना पट्टा हाती आणि वेळेवर लस, हे धन्याचे तीन नियम फळ्यावर लिहावेत.

आरोग्य : कित्येक मुले रागावण्याच्या भीतीने चावा लपवितात. हे अत्यंत घातक आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. मात्र वेळीच घेतलेली लस प्राण वाचविते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या एका मुलास ही लस प्रथम दिली व तो वाचला. जखम लहान असली, तरी ती साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, मिरची वा हळद लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

सूचना : ज्याच्या घरचा कुत्रा मोकाट असतो, त्या मुलास वर्गात नाव घेऊन लाजवू नये. त्याच्या वडीलधाऱ्यांशी शिक्षकांनी स्वतः भेटून बोलावे. चावा सांगणाऱ्या मुलास प्रथम धीर द्यावा, जाब विचारू नये.

स्वाध्याय :
१. धन्याचे तीन नियम घरी वाचून दाखवा.
२. कुत्रा अंगावर आल्यास पळत का सुटू नये?
३. मित्रास कुत्रा चावल्यास तुम्ही प्रथम काय कराल व कोणास सांगाल?