घरची सुतारशाळा : लाकूड आधी वाळवावे, मग जोडावे

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असे परंपरा सांगते. पाण्याइतकीच वनसंपदाही या परिसरास लाभली आहे. साग, बिजा, ऐन, हळदू, शिवण ही नावे येथील सुताराच्या ओठी सहज येतात. धानाच्या या मुलखात नांगर, वखर आणि बंडी घडविणारा सुतार हा गावगाड्याचा एक आधार होता.

ट्रॅक्टर आला तसे नांगर-बंडीचे काम आटले. उरले ते पाट, चौरंग, पलंग, कपाट आणि शाळेची बाके. ही कामे घराच्या पडवीत, मोजक्या अवजारांनी होऊ शकतात. परंतु बाजारात दाबीव फळीच्या तयार वस्तू स्वस्तात मिळत असताना घरी घडविलेली वस्तू टिकाऊपणाच्या बळावरच उभी राहू शकते. नेमकी येथेच अनेकदा उणीव राहते. पावसाळ्यात खण अडकतो, उन्हाळ्यात फळीला चीर जाते, आणि दोष सुताराच्या हातावर येतो. खरा दोष बहुधा हाताचा नसून ओल्या लाकडाचा असतो.

लाकूड कोठून आणावे ?

नवेगाव हे १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानातून लाकूड काढण्यास मनाई आहे. तेव्हा वन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वनविकास महामंडळाच्या आगारातील लिलावाचे, परवानाधारक आरा गिरणीचे अथवा रीतसर परवानगीने तोडलेल्या मालकीच्या झाडाचे लाकूड हेच घरच्या सुतारशाळेचे भांडवल होय. खरेदीची पावती व वाहतुकीचा परवाना जपून ठेवावा. मोल देऊन आणलेली फळी वाया गेली, तर त्या वस्तूवरील सारी मजुरी बुडते.

लाकूड का हलते ?

नुकत्याच तोडलेल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी आढळणे नवलाचे नाही. उघड्या हवेत चांगले वाळल्यावर हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांपर्यंत उतरते. वाळताना लाकूड आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकसणे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या सुमारे दुप्पट असते. म्हणूनच ओली फळी वाकते, पिळते व चिरते.

वाळलेले लाकूडही हवेतील दमटपणा घेते आणि सोडते. पूर्व विदर्भातील मे महिन्याचा कोरडा उन्हाळा आणि श्रावणातील ओल यांत मोठे अंतर आहे. फूटभर रुंदीची फळी एवढ्या काळात दोन-चार मिलिमीटर हलू शकते.

वाळविण्याची रीत

चिरलेल्या फळ्या उन्हात टाकू नयेत. छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच ओंडक्यांवर थप्पी रचावी. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या सारख्या अंतरावर, एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात. त्यामुळे हवा खेळती राहते व फळी वाकत नाही. टोकांतून पाणी लवकर जाते आणि चीर तेथूनच सुरू होते. यास्तव टोकांना रंग किंवा मेण लावावे व थप्पीवर वजन ठेवावे. लाकडाची जात व फळीची जाडी यांनुसार काही महिने थांबावे लागते. थप्पीतील एक तुकडा दर पंधरवड्यास तोलून वजन लिहून ठेवावे. वजन घटणे थांबले, की लाकूड कामास आले असे समजावे. सालीलगतचा पांढरट भाग किडीस लवकर बळी पडतो. टिकाऊ कामात तो वगळावा.

पाटाचा धडा

करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या आणि हातोडा एवढ्या साहित्यावर पहिला पाट होऊ शकतो. पाटाच्या फळीखाली दोन आडव्या पट्ट्या असतात. त्या टोकापासून टोकापर्यंत खिळ्यांनी घट्ट ठोकल्या, तर फळीला हलण्यास वाव उरत नाही आणि ती मधोमध फाटते. याऐवजी फळीच्या खालच्या अंगास तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद अशी खाच काढावी आणि त्याच आकाराची पट्टी तीत सरकवावी. खिळा फक्त मध्यभागी एकच मारावा. मग फळी ऋतूप्रमाणे दोन्ही बाजूंना हलते, तरी सपाट राहते. हे ज्याला उमगले, त्याला पुढे टेबलाचा माथा किंवा दाराचे दिलेही साधतात.

उरलेले तुकडेही मोलाचे असतात. तान्ह्या पोळ्यास विदर्भातील मुले चाकांचा लाकडी बैल ओढतात. शिवणीसारखे हलके, कोरण्यास सोपे लाकूड त्यास उत्तम. नवशिक्याचा हात अशा लहान कामांवरच बसतो.

शाळा व पंचायतींचे कर्तव्य

हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत मांडला गेला. लाकडाच्या तुकड्याचे वजन दर पंधरवड्यास नोंदविणे हा आजही गणित व विज्ञानाचा उत्तम पाठ ठरेल. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश झाला. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व सवलतीचे कर्ज यांची तरतूद तीत करण्यात आली. अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर ठेवण्यात आल्यामुळे खऱ्या कारागिरास ओळखण्याची जबाबदारी सदस्यांवर येते. शाळेसाठी बाके घेतानाही किमतीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : लाकूड किती महिने वाळविले ? तो विचारला जाऊ लागला, तर थांबून काम करणाऱ्या सुताराला त्याच्या धीराचे मोल मिळेल आणि एकदा तोडलेले झाड अनेक वर्षे उपयोगी पडेल.