वाटेवरचा भुईकोट

प्रास्ताविक

प्रवास म्हटला की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात : निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण. मधला रस्ता बहुधा झोपेत किंवा घाईत संपतो. समुद्रसफरीच्या मोठ्या जहाजांवरील प्रवाशांनी मात्र या मधल्या रस्त्याचा उपयोग करून घेण्याची एक रीत रूढ केली आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरात सकाळी जहाजातून उतरलेल्या प्रवाशाला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून दुपारनंतरचे विमान गाठायचे असते. त्याला नेणारी मोटार वाटेत विंडसरला थांबते. अकराव्या शतकात विल्यम राजाने उभारण्यास आरंभ केलेला तेथील गढीवजा राजवाडा पाहून प्रवासी पुढे जातो. एका भाड्यात दोन कामे होतात. मात्र मोठे सामान वाड्यात नेता येत नाही, आठवड्यातील काही दिवस वाडा बंद असतो आणि विमान कोणासाठी थांबत नाही. या तीन गोष्टींचा विचार न करणाऱ्याची फजिती होते.

बंगळुरूला समुद्र नाही. पण विमानतळ आहे आणि त्याच्या शेजारी किल्लाही आहे. सांगलीच्या एका दांपत्याचा कल्पित प्रवास डोळ्यांसमोर ठेवून ही रीत आपल्याकडे कशी साधते, ते प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

पाठ

एस. टी. महामंडळात बत्तीस वर्षे कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह लेकीकडे बंगळुरूला आले होते. लेकीचे घर चामराजपेटेत. येताना ते रेल्वेने आले. परतताना पुण्याला भाच्याच्या लग्नास पोहोचायचे असल्याने लेकीने विमानाची तिकिटे काढली. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. डिसेंबर महिना असल्यामुळे लेकीने सकाळचे विमान मुद्दाम टाळले. या दिवसांत देवनहळ्ळीच्या माळावर पहाटे धुके दाटते आणि उड्डाणांना उशीर होतो. विमान सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांचे होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीने आईला घराजवळचा बंगळुरूचा किल्ला दाखविला. किल्ला म्हणजे आता कृष्णराजेंद्र बाजाराच्या गर्दीत उरलेला दिल्ली दरवाजा आणि थोडासा तट. आईची शाळा चौथीनंतर सुटली होती. पण चौथीच्या इतिहासात वाचलेली शहाजीराजांची बंगळूरची जहागीर तिच्या ध्यानात होती. १५३७ मध्ये केंपेगौडाने येथे मातीचा किल्ला बांधला. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने तो घेतला. या मोहिमेत रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे होते आणि पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात त्यांच्या दरबाराचे वर्णन केले आहे. शिवरायही बालपणी काही काळ येथे होते. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर जिंकले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने ते तीन लाख रुपयांना घेतले. सध्या दिसतो तो दगडी किल्ला मात्र हैदरअलीच्या काळातील, १७६१ नंतरचा. एवढ्या मोठ्या इतिहासाचा एवढासा दरवाजा पाहून आईचे समाधान झाले नाही. तेव्हा लेक म्हणाली, “आई, उद्या विमानतळावर जाताना देवनहळ्ळीचा किल्ला पाहता येईल. तो अजून पुरता उभा आहे.”

वडिलांनी ऐकताक्षणी नकार दिला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शहराकडून बळ्ळारी रस्त्याने निघाले, की आधी विमानतळाचा फाटा लागतो आणि देवनहळ्ळी त्याच्या पुढे काही किलोमीटरवर आहे. म्हणजे किल्ला खऱ्या अर्थाने वाटेवर नाही; ज्या ठिकाणी पोहोचायचे ते डाव्या-उजव्या हाताला सोडून पुढे जायचे आणि मग उलटे परतायचे. आयुष्यभर गाडी वेळेत सोडलेल्या माणसाला हे कसे रुचावे? आई काही बोलली नाही. ती डबे भरू लागली. तिचे न बोलणे वडिलांना लागले असावे, कारण रात्री जेवणानंतर त्यांनी जुन्या पाकिटाची मागची बाजू घेतली आणि तिच्यावर वेळापत्रक मांडले.

त्यांची मांडण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. घरातून निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजत जाण्याची आपल्याला सवय असते. त्यांनी शेवटापासून मागे मोजले. विमान ५.१० ला. देशांतर्गत प्रवासात सामान घेणारा काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो. शिवाय सुरक्षा तपासणीची रांग. म्हणून विमानतळावर ३ वाजता पोहोचायचे. देवनहळ्ळीहून विमानतळ पंधरा-वीस मिनिटांचा. त्यांनी पाऊण तास धरला. म्हणजे किल्ल्यावरून २.१५ ला निघायचे. किल्ल्यात सव्वा तास. तर १ वाजता तेथे हजर व्हायचे. चामराजपेटेतून देवनहळ्ळीला दीड तास. हेब्बाळच्या उड्डाणपुलापाशी होणाऱ्या खोळंब्यासाठी आणखी अर्धा तास. म्हणून घरातून ११ वाजता निघायचे. पाकिटावर त्यांनी २.१५ या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि लेकीला म्हणाले, “बाकीच्या वेळा हलल्या तरी चालतील. ही हलणार नाही.”

“मग नंदीलाही जाऊन येता येईल का, बाबा?” जावयाच्या शाळकरी भाचीने विचारले. नंदीदुर्ग देवनहळ्ळीच्याही पुढे, घाटाच्या वळणांनी चढून जायचा डोंगर. वडील नुसते हसले. एका प्रवासात एक थांबा पचतो. दुसरा घातला की पहिलाही धड होत नाही आणि जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

लेकीने टॅक्सी ठरविताना तीन गोष्टी आधीच बोलून घेतल्या : गाडी किल्ल्यापाशी किती वेळ थांबेल, त्या थांबण्याचे वेगळे भाडे किती आणि सामान गाडीतच राहील तेव्हा चालक गाडीपासून दूर जाणार नाही. हे ठरवून न घेतल्यास ऐनवेळी वाद होतो आणि वादात मिनिटे जातात.

दुसऱ्या दिवशी गाडी ११ वाजता निघाली, पण हेब्बाळला अडकली. पाणतळ्याच्या कडेने वाहनांची रांग मुंगीच्या गतीने सरकत होती. राखून ठेवलेला अर्धा तास संपला, त्यावर आणखी पंचवीस मिनिटे गेली. येलहंका मागे पडले, टोलनाका मागे पडला आणि विमानतळाकडे वळणारा भव्य रस्ता दिसू लागला. चालकाने आरशातून पाहून विचारले, “सर, आता सरळ की एअरपोर्ट?” वडिलांनी घड्याळ पाहिले. किल्ल्यापाशी पोहोचायला १.२५ होणार होते. आईने पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पुन्हा काही बोलली नाही.

“सरळ,” वडील म्हणाले. “सव्वा तासाचे पन्नास मिनिटे झाले, एवढेच. निघायचे सव्वादोनलाच.”

येथे थोडे थांबून हा रस्ता समजून घेणे इष्ट आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. त्याच्या लगत २४ मे २००८ रोजी नवा विमानतळ सुरू झाला आणि २०१३ मध्ये त्याला केंपेगौडाचे नाव मिळाले. २०२२ मध्ये तेथे केंपेगौडाचा १०८ फूट उंचीचा पुतळा उभारण्यात आला. हे नाव केवळ शहराच्या संस्थापकाचा मान म्हणून शोभते असे नाही. केंपेगौडाचे पूर्वज देवनहळ्ळीजवळच्या आवती गावचे. तेथून एक शाखा येलहंक्याला गेली आणि त्या शाखेतल्या केंपेगौडाने बंगळूर वसविले. आवतीच्याच मल्लबैरेगौडाने १५०१ मध्ये देवनहळ्ळीला मातीचा किल्ला बांधला. आवती, देवनहळ्ळी, येलहंका, बंगळूर ही गावे एका कुळाच्या वाटचालीतील टप्पे आहेत. विमानतळ त्याच वाटेवर उभा आहे. परंतु विमानातून उतरून शहराकडे धावणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना याची कल्पना असते.

किल्ला समोर आला तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, “अहो, हा तर डोंगरावर नाही!” महाराष्ट्रातील माणसाच्या मनात किल्ला म्हणजे सह्याद्रीचे शिखर. देवनहळ्ळीचा किल्ला सपाट जमिनीवरचा आहे. आपण ज्याला भुईकोट म्हणतो तो. डोंगराचा आधार नसल्याने भुईकोटाची सारी मदार तटावर आणि बुरुजांवर असते. सुमारे वीस एकरांना वेढणाऱ्या या लांबट गोल तटाला ठरावीक अंतरावर बारा अर्धगोल बुरूज आहेत. बुरूज पुढे आलेला असल्यामुळे तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता येतो. तोफांच्या जागा विटा आणि चुन्याच्या आहेत. पूर्वेला व पश्चिमेला प्रवेशद्वारे असून त्यांवर चुन्याची नक्षी आहे.

दोघे आत शिरले. आईला वाटले होते, आत ओसाड वाडे असतील. आत गाव होते. घरांच्या रांगा, दारातल्या रांगोळ्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सायकल शिकणारा एक मुलगा. वेणुगोपालस्वामीच्या देवळाचे दार मात्र बंद होते. दक्षिणेकडील देवळे दुपारी बहुधा बंद असतात, ही गोष्ट पाकिटावरच्या वेळापत्रकात आली नव्हती. आईने बाहेरूनच हात जोडले. मग दोघे तटावर चढले.

१७४९ मध्ये म्हैसूरच्या नंजराजाने या किल्ल्याला वेढा घातला. त्या लढाईत एका घोडेस्वाराचा पराक्रम वरिष्ठांच्या नजरेत भरला. तोच पुढे म्हैसूरचा सत्ताधीश झालेला हैदरअली. त्यानंतर थोड्याच काळात त्याचा मुलगा टिपू देवनहळ्ळीत जन्मला. मातीच्या तटाला दगडाचे रूप याच पितापुत्रांच्या कारकिर्दीत मिळाले. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने आधी बंगळूर आणि पुढे देवनहळ्ळी घेतली. एका घराण्याच्या उदयाची आणि ओहोटीची खूण एकाच तटावर असावी, असा योग क्वचित येतो.

बुरुजावर वारा होता. दूरवर एक विमान चढत गेले आणि त्याचा आवाज मागाहून आला. वडील तोफेच्या खाचेत हात ठेवून पाहत राहिले. इथून शहराकडचा रस्ता, नंदीकडचा रस्ता, दोन्ही नजरेच्या टप्प्यात ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचे काम आपल्या वाहतूक नियंत्रकासारखेच, असे काहीसे ते पत्नीला सांगू लागले. कोणती गाडी आली, कोणती गेली, कोणती यायची राहिली. सांगता सांगता त्यांना आपला आगार आठवला, रात्रपाळ्या आठवल्या. ते बोलत राहिले.

“अहो,” आई म्हणाली, “सव्वादोन झाले.”

त्यांनी दचकून घड्याळ पाहिले. २ वाजून १४ मिनिटे झाली होती.

किल्ल्याबाहेर, जवळच, टिपूच्या जन्मस्थानाची खूण म्हणून दगडी खांबांचा एक लहानसा चौथरा व शिलालेख आहे. तो त्यांनी गाडीतूनच पाहिला. वळणावर एका हातगाडीवर डोक्याएवढी हिरवट पिवळी फळे मांडली होती. “चक्कोता, अम्मा,” चालक म्हणाला. आईने काच खाली केली. “हे तर आपलं पपनस!” देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पैसे देणे, फळ घेणे यांत दीड मिनिट गेले. वडिलांनी तेही मोजले, पण बोलले नाहीत.

गाडी २.४० ला विमानतळाच्या दाराशी थांबली. रांगेत उभे राहिल्यावर वडिलांनी खिशातून ते पाकीट काढले, १ वाजताच्या ठिकाणी १.२५ लिहिले, देवळापुढे ‘दुपारी बंद’ अशी नोंद केली आणि पाकीट पुन्हा घडी करून आईच्या पिशवीत, पपनसाशेजारी ठेवले.

शब्दार्थ

भुईकोट – सपाट जमिनीवरील किल्ला. जहागीर – सेवेच्या मोबदल्यात उत्पन्नासाठी दिलेला मुलूख. मदार – भिस्त, आधार. आगार – एस. टी. गाड्यांचा डेपो. खोळंबा – अडून राहणे. भौगोलिक मानांकन – विशिष्ट प्रदेशातील वैशिष्ट्यपूर्ण उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख.

स्वाध्याय

१. वडिलांनी वेळापत्रक शेवटापासून मागे का मोजले? २.१५ ही एकच वेळ त्यांनी पक्की का ठेवली?

२. हेब्बाळला आणखी चाळीस मिनिटे गेली असती, तर ‘सरळ’ जाणे योग्य ठरले असते काय? हिशेब मांडून उत्तर लिहा.

३. आई या पाठात फार थोडे बोलते. तिचे मन ज्या ज्या ठिकाणी कळते, ती ठिकाणे शोधून तुमच्या शब्दांत सांगा.

४. सोलापूरचा भुईकोट शहराच्या मध्यभागीच आहे. तुमच्या गावाजवळच्या रेल्वे स्थानकाकडे किंवा एस. टी. स्थानकाकडे जाताना पाहता येईल असा एखादा किल्ला, देऊळ किंवा बारव निवडा. गाडीची वेळ धरून मागे मोजत वेळापत्रक तयार करा आणि कोणती वेळ हलणार नाही, तिच्याखाली दोन रेघा ओढा.